जुन्या होम कॉम्प्युटरवर मल्टिटास्किंग: सिस्टीम आधी, डेस्कटॉप सगळ्यात शेवटी

माळ्यावरचा अमिगा ५०० खाली उतरतो, पुसला जातो, चालू होतो, आणि त्याच संध्याकाळी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेला झगमगीत वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) त्यावर चढवायचा उद्योग सुरू होतो. मग तक्रारी येतात. ड्रॉवर उघडायला एवढा वेळ का? दोन प्रोग्राम चालू असताना तिसरा ‘मेमरी नाही’ का म्हणतो? उत्तर साधं आहे: व्हिडिओतल्या मशीनमध्ये अ‍ॅक्सिलरेटर कार्ड आणि कित्येक मेगाबाइट फास्ट रॅम (फक्त प्रोसेसरच्या वापराची मेमरी) होती, तुमच्यात ५१२ किलोबाइट आहे.

घोळ क्रमाचा आहे. डेस्कटॉप दिसायला छान म्हणून आधी ठरतो आणि मग मशीनला त्यात कोंबलं जातं. खरा क्रम असा: मशीनची नोंद, वीज, काम, सिस्टीम, इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या पीसीवरच्या प्रोग्रामवर) तालीम, मेमरी आणि साठवण, इन्स्टॉलेशन, आणि शेवटी डेस्कटॉप. कंटाळा आला तर डेस्कटॉपचा टप्पा गाळा, पण वरचा एकही गाळू नका.

## सुरुवातीला एक फरक समजून घ्या

मल्टिटास्किंग, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवणं, दोन प्रकारचं असतं. पहिल्यात प्रोसेसरचा वेळ सिस्टीम स्वतः वाटते. प्रोग्रामची इच्छा असो-नसो, पाळी संपली की ताबा दुसऱ्याकडे जातो. अमिगा, सिंक्लेअर क्यूएल आणि सिम्बओएस या गटातले. दुसऱ्यात प्रोग्रामने आपणहून ताबा सोडायचा असतो. आर्किमिडीज कॉम्प्युटरचं रिस्क ओएस आणि जुन्या मॅकचा मल्टिफाइंडर इथे येतात. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखा हा मामला आहे: बादली भरली की बाजूला व्हायचं. एकजण पिंप घेऊन आला की मागची रांग अडलीच.

दोन्ही गटांत एक दुखणं मात्र सारखं आहे. या मशीनवर एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवण्याची सोय जवळजवळ कुठेच नाही. एक प्रोग्राम बिघडला तर सगळी सिस्टीम बसते. त्यामुळे ‘कोणती सिस्टीम क्रॅश होत नाही’ हा प्रश्न सोडून द्या. ‘क्रॅश झाल्यावर डिस्क शाबूत राहते का’ हे विचारा.

## टप्पा १: मशीनची नोंद कागदावर करा

‘माझ्याकडे अमिगा आहे’ एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा:

- नेमकं मॉडेल, आणि उघडून पाहता आलं तर बोर्डावरचा रिव्हिजन नंबर
- रॅम किती आणि कोणत्या प्रकारची
- रॉमची (मूळ सिस्टीम साठवलेल्या चिपची) आवृत्ती
- टीव्हीच्या चित्राची पद्धत: पाल की एनटीएससी
- हार्डडिस्क किंवा कार्ड लावायला कोणती जागा आहे
- चित्र बाहेर कसं येतं: आरएफ, कॉम्पोझिट की आरजीबी

अमिगावर शेल उघडून ‘व्हर्जन’ ही आज्ञा दिली की किकस्टार्टचा, म्हणजे रॉममधल्या मूळ सिस्टीमचा, नंबर येतो आणि ‘अव्हेल’ दिल्यावर रॅमचा हिशेब. इथे एक सापळा आहे. अमिगा ५०० च्या पोटाखालच्या झाकणात बसणारं ५१२ केचं कार्ड ‘अव्हेल’मध्ये फास्ट म्हणून दिसतं, पण ती खरी फास्ट रॅम नाही. ती चिप रॅमच्याच (ग्राफिक्सची चिपही वापरते त्या मेमरीच्या) बसवर, म्हणजे डेटा वाहणाऱ्या तारांवर, बसते, त्यामुळे ग्राफिक्सची चिप बस वापरत असली की प्रोसेसरला तिथेही थांबावं लागतं. कागदावर तिला ‘स्लो’ असंच लिहा.

आपल्याकडे ही मशीन तीन वाटांनी आलेली असतात. इंग्लंड किंवा आखातातून आलेली बहुधा पाल, २३० व्होल्टवर चालणारी. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेली एनटीएससी, ११० व्होल्टची. आणि तिसरी, चोरबाजारातून उचललेली, ज्यांचा पॉवर सप्लाय मूळचा आहे की कुणीतरी गाठ मारून जोडलेला, हे उघडल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या प्रकाराला पुढचा टप्पा दुप्पट लागू.

तपासा: कागदावरचा एखादा रकाना रिकामा आहे? तो भरेपर्यंत काहीही मागवू नका. सी६४ (कमोडोर ६४) साठी गोटेक फ्लॉपी इम्युलेटर विकत घेऊन बसणारे याच टप्प्यावर चुकतात. गोटेक फ्लॉपी ड्राइव्हच्या ३४ पिनी केबलवर बसतो. सी६४ चा १५४१ ड्राइव्ह सिरियल केबलवर चालतो. तिथे एसडी२आयईसी किंवा पाय१५४१ हे त्या ड्राइव्हच्या जागी बसणारं उपकरण लागतं.

## टप्पा २: वीज, बॅटरी, कपॅसिटर

सी६४ चा जुना, रेझिन ओतून बंद केलेला पॉवर सप्लाय हा त्या मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. तो बिघडतो तेव्हा बंद पडत नाही, पाच व्होल्टच्या तारेवर जास्त व्होल्टेज सोडतो आणि रॅमच्या चिपा जाळतो. मशीनला जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा. ५.२५ च्या वर गेला तर तो सप्लाय मोडीत. मोजून बरोबर आला तरी नवा घेणंच शहाणपणाचं, कारण आज बरोबर असलेला उद्या गरम झाल्यावर बरोबर असेलच असं नाही.

अमेरिकन मशीनचा ११० व्होल्टचा सप्लाय थेट आपल्या प्लगमध्ये घालू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मग बॅटरी. अमिगा ५०० प्लस, २००० आणि ४००० च्या बोर्डावर, तसंच ५०० च्या घड्याळवाल्या रॅम कार्डावर रिचार्जेबल बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या वाटा खाते. हिरवट-निळसर पावडर दिसली की बॅटरी कापून काढा, व्हिनेगरच्या पातळ पाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. आर्किमिडीजमध्येही हीच भानगड आहे. अमिगा ६०० आणि १२०० मध्ये बोर्डावर चिकटलेले छोटे कपॅसिटर गळतात. काढताना सोल्डरिंग आयर्न लावला की मासळीसारखा वास येतो. शेजारी बोंबील तळतायत असं समजून सोडून देऊ नका. तो वास म्हणजे कपॅसिटर गळल्याची खूण आहे.

कपॅसिटर, अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर लॅमिंग्टन रोडला मिळतं. जाताना किमतीची नाही, मूल्यांची यादी न्या: मायक्रोफॅरड, व्होल्ट, आकार. ‘अमिगाचे कपॅसिटर द्या’ म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. ‘२२ मायक्रो, ३५ व्होल्ट, एसएमडी’ म्हटलं की ड्रॉवर उघडेल.

मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि समुद्राची खारी हवा असतेच. सॉकेटमधल्या चिपांच्या पायांवर गंज चढतो आणि मशीन कधी चालतं, कधी काळा पडदा दाखवतं. चिपा उचलून, पाय साफ करून परत बसवा. ५०० मधली चौकोनी अ‍ॅग्नस चिप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, सॉकेटचा कोपरा तुटतो. त्यासाठीचा चिमटा वेगळा मिळतो.

सावधान: चालू मशीनला कोणतीही केबल लावू किंवा काढू नका, जॉयस्टिकसुद्धा. जुन्या इमारतीत अर्थिंग नीट नसेल तर मशीन आणि टीव्हीच्या धातूच्या भागांत व्होल्टेजचा फरक असतो, आणि तो पोर्टच्या चिपेतूनच वाट काढतो.

## टप्पा ३: काम ठरवा, एका वाक्यात

‘मल्टिटास्किंग हवं’ हे काम नाही. ‘लिहिताना मागे गाणं वाजत राहावं’, ‘फाइल उतरत असताना एडिटर वापरता यावा’, ‘फ्लॉपी कॉपी होईपर्यंत चित्र काढता यावं’ ही कामं आहेत. वाक्यात दोन क्रियापदं एकाच वेळी घडत नसतील तर तुम्हाला मल्टिटास्किंगची गरजच नाही. एका वेळी एकच प्रोग्राम चालवणारी मूळ सिस्टीम जास्त वेगवान आणि कमी कटकटीची ठरेल. गेम खेळायचे असतील तर हा लेख इथेच सोडा.

आणि एक अपेक्षा आत्ताच बाजूला ठेवा. या सिस्टीम युनिकोडच्या आधीच्या आहेत. देवनागरी जोडाक्षरांची मांडणी त्यांना येत नाही. मराठीत लिहिण्याचं काम त्यांच्यावर टाकायचा हट्ट धरला तर महिनाभर फॉन्टशीच झुंजाल.

## टप्पा ४: मशीनप्रमाणे सिस्टीम निवडा

अमिगा. इथे निवड सोपी आहे, कारण मल्टिटास्किंग १९८५ पासून किकस्टार्टमध्येच आहे. प्रश्न फक्त कोणती आवृत्ती, एवढाच.

५१२ के किंवा १ एमबीचा ५००, फक्त फ्लॉपीवर चालणारा: किकस्टार्ट १.३ आणि वर्कबेंच १.३. नवीन काही चढवू नका. रॅम वाढवणार नसाल तर नव्या आवृत्तीने मिळणाऱ्या सोयींपेक्षा ती खाणारी मेमरी जास्त आहे. रॉम १.२ असेल तर मात्र बदला, कारण १.२ वर हार्डडिस्कवरून थेट सुरुवात होत नाही.

६०० मध्ये हार्डडिस्कसाठीची आयडीई जोडणी आहे, पण रॉम तपासा. ३७.२९९ या आवृत्तीत हार्डडिस्कचा आधारच नाही. त्यावर कार्ड लावून ‘कार्ड खराब आहे’ असा निष्कर्ष काढून दोन-दोन कार्डं बदलणारे लोक आहेत.

१२०० सर्वांत सुखाचा: २ एमबी चिप रॅम, १४ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२०, आयडीई आत. साधं, ओळखीचं हवं तर ३.१. मोठी कार्डं आणि सुधारलेली साधनं हवीत तर २०२१ मध्ये आलेलं ३.२, पण त्यासोबत फास्ट रॅम घ्याच. ३.२ साठी रॉम बदलताना लक्ष ठेवा: १२०० च्या सॉकेटला ४२ भोकं आणि रॉमला ४० पाय आहेत. जुनी चिप काढण्याआधी फोटो काढा, रिकामी जोडी कोणत्या टोकाला होती ते बघा, आणि दोन्ही चिपा त्यांच्या-त्यांच्या जागी बसवा. एक घर सरकून बसलेली चिप चालू केली तर ती परत उठत नाही.

अटारी एसटी. याच्या रॉममधली टॉस ही सिस्टीम एका वेळी एकच मुख्य प्रोग्राम चालवते. मल्टिटास्किंगसाठी फ्रीमिंट आणि त्यावर विंडो सांभाळणारं एक्सएएईएस, किंवा मॅजिक. माझं मत स्पष्ट आहे: ४ एमबी रॅम नसेल तर या वाटेला जाऊ नका. एसटीईमध्ये सिम (रॅमच्या छोट्या पट्ट्या) लावून ४ एमबी करणं सोपं, जुन्या ५२० मध्ये सोल्डरिंगचं काम. फ्रीमिंटचा कर्नल निवडताना ‘मिंट०००’ घ्या. ‘०३०’ लिहिलेला साध्या एसटीवर चालत नाही, आणि सुरुवातीलाच अडकल्यावर लोक दोष कार्डाला देतात. रॉमच्या जागी इम्यूटॉस वापरलंत तर ते मोफत आहे आणि हार्डडिस्कचा ड्रायव्हर त्यात आधीपासून असतो. एक कटकट कमी.

एसटीचा एक गुण लोक विसरतात: मोनोक्रोम ६४० बाय ४०० चा पडदा. डेस्कटॉपसाठी याहून स्वच्छ अक्षर या पिढीत क्वचित मिळेल.

झेड८० प्रोसेसरवाली मशीन: अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी आणि एमएसएक्स२. इथे सिम्बओएस. आठ बिटांच्या मशीनवर खरोखर वेळ वाटणारी, विंडो उघडणारी सिस्टीम. किमान १२८ के रॅम लागते, म्हणजे सीपीसी ६१२८ चालतो, ४६४ ला रॅम वाढवावी लागते. पडद्यात मोठा फरक आहे: सीपीसीवर ३२० बाय २००, चार रंग, एमएसएक्स२ वर ५१२ बाय २१२, सोळा रंग. दोन्ही हाताशी असतील तर एमएसएक्स२ घ्या. आखातातून आलेली सख्र मशीन कोणाकडे असतील तर नंबर बघा: एएक्स-१७० हे एमएसएक्स१ आहे, एएक्स-३७० हे एमएसएक्स२. पहिल्यावर वेळ घालवू नका. ६१२८ च्या तीन इंची ड्राइव्हचा रबरी पट्टा आतापर्यंत विरघळून चिकट झालेला असतो. तो बदला किंवा गोटेक लावा.

कमोडोर ६४. इथे थोडं प्रामाणिक राहू. ६४ के मेमरी आणि एक मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर मल्टिटास्किंग जमतं, पण त्यावर आरामशीर डेस्कटॉप मावत नाही. एलयुनिक्स वेळ खरोखर वाटतं, पण ते अक्षरांवर चालतं. कॉन्टिकीत विंडो आहेत, पण प्रोग्राम मोजकेच. १९८६ चं जीओएस दिसायला पूर्ण डेस्कटॉप, लिहायला-चितारायला आजही चांगलं, मात्र एका वेळी एकच काम. रोज वापरायचं असेल तर सी६४ ओएस: एक मुख्य अ‍ॅप्लिकेशन आणि त्यासोबत एक छोटी युटिलिटी उघडी राहते, आणि बहुतेकांची गरज तेवढीच असते. त्याला १५४१ ची १७० केची डिस्क पुरत नाही, एसडी२आयईसीसारखी मोठी साठवण लागते. जीओएसचं उलट आहे: ते ड्राइव्हशी स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने बोलतं, म्हणून पाय१५४१ सारखी हुबेहूब नक्कल करणारी साठवण घ्या.

पीसी-एक्सटी, २८६, ३८६. मुंबईत घरोघरी पोचलेली जुनी मशीन खरं तर हीच, लॅमिंग्टन रोडला जुळवलेली. एक्सटीवर ६४० के रॅम आणि हार्डडिस्क असेल तर पीसी/जीओएस घ्या: विंडो आहेत, वेळही नीट वाटला जातो, आणि त्याचा सोर्स आता खुला आहे. सी६४ च्या जीओएसशी नाव जुळतं, पण ही वेगळी सिस्टीम आहे, डिस्क एकमेकांच्या चालत नाहीत. ३८६ वर जुने डॉस प्रोग्राम एकाच वेळी चालवायचे असतील तर डेस्कव्ह्यू.

स्पेक्ट्रम ४८ के आणि बीबीसी मायक्रो. बीबीसीची भारतात बनलेली ‘एससीएल युनिकॉर्न’ आवृत्ती १९८० च्या दशकात शाळांमध्ये होती, त्यामुळे ती अजून सापडते. या दोन्हींवर मूळ बेसिक ठेवा. डेस्कटॉप चढवायचा उत्साह दुसऱ्या मशीनसाठी राखा.

## टप्पा ५: आधी इम्युलेटरवर तालीम

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. अमिगासाठी विनयूएई किंवा एफएस-यूएई, एसटीसाठी हातारी, सी६४ साठी व्हाइस, एमएसएक्ससाठी ओपनएमएसएक्स.

सेटिंग तुमच्या कागदाप्रमाणेच ठेवा. प्रोसेसर ६८०००, रॅम जेवढी आहे तेवढीच, आणि वेग ‘मूळ मशीनइतका’. वेग ‘शक्य तेवढा जास्त’ ठेवला तर तुम्ही आजच्या लॅपटॉपची परीक्षा घेताय, ५०० ची नव्हे. मग टप्पा ३ मधलं वाक्य करून बघा. लिहिताना गाणं वाजतंय? अडखळतं का? मोकळी मेमरी किती उरली?

किकस्टार्ट रॉम कॉपीराइटखाली आहे; परवान्यासह हवा तर ‘अमिगा फॉरएव्हर’ या पॅकेजमध्ये मिळतो.

तपासा: काम चालू असताना निदान एक चतुर्थांश मेमरी मोकळी उरली पाहिजे. तेवढी उरत नसेल तर सिस्टीमची खालची आवृत्ती घ्या किंवा रॅमची तयारी करा. ‘खऱ्या मशीनवर जमेल’ असं होत नाही.

## टप्पा ६: मेमरी आणि साठवण

खर्च करायचाच तर पहिला रुपया रॅमवर. १२०० ला साधं ४ एमबी फास्ट रॅमचं कार्ड लावलं तरी वेग जवळजवळ दुप्पट होतो, कारण प्रोसेसरची ग्राफिक्सशी चाललेली झटापट थांबते. ८ एमबीचं साधं कार्ड घेताना विचारून घ्या: त्यातला काही भाग पीसीएमसीआयए खाचेच्या पत्त्यांवर येतो आणि ती खाच निकामी होते. फाइली नेण्या-आणण्यासाठी ती खाच वापरणार असाल तर ४ एमबीच बरी. ही कार्डं बहुधा परदेशातून येतात. कस्टम ड्यूटी धरूनच हिशेब करा.

साठवणीसाठी ६०० आणि १२०० ला ४४ पिनी आयडीई ते कॉम्पॅक्ट फ्लॅश अडॅप्टर पुरतो. मोठं कार्ड घेऊन पूर्ण वापरायचा मोह टाळा. ३.१ आणि त्याआधीच्या फाइल सिस्टीमला पहिल्या ४ जीबीच्या पलीकडचं कळत नाही. पार्टिशन त्या रेषेपलीकडे गेलं तर लिहिणं पुन्हा कार्डाच्या सुरुवातीला वळतं आणि पार्टिशनचा तक्ताच पुसला जातो. गंमत म्हणजे कार्ड अर्धं भरेपर्यंत सगळं छान चालतं.

दुसरी सेटिंग ‘मॅक्सट्रान्सफर’. ३.१ पर्यंतच्या रॉमवर प्रत्येक पार्टिशनला ती ०एक्स१एफई०० ठेवा, म्हणजे एका खेपेला २५५ सेक्टर. ती जास्त असली की छोट्या फाइली नीट राहतात आणि १२८ केपेक्षा मोठ्या फाइली गुपचूप बिघडतात. ‘चित्र उघडतं पण खालचा भाग कचरा दिसतो’ ही या चुकीची ओळख.

फाइल सिस्टीमसाठी पीएफएस३ सुचवेन. मूळ फास्ट फाइल सिस्टीमवर लिहिताना वीज गेली किंवा क्रॅश झाला की डिस्क ‘व्हॅलिडेट’ होत बसते, आणि कधीकधी होतच नाही.

पडद्याचाही विचार इथेच करा. इंग्लंडहून आलेली स्कार्ट केबल आपल्याकडच्या टीव्हीला लागत नाही. आपल्या टीव्हीवर ती खाच नसते. ५०० चं कॉम्पोझिट चित्र कृष्णधवल येतं, तो बिघाड नाही. बहुतेक एलसीडी मॉनिटर १५ किलोहर्ट्झचा सिग्नल घेत नाहीत, म्हणून आरजीबीवरून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर लागतो. डेस्कटॉपची बारीक अक्षरं वाचायची असतील तर कॉम्पोझिटवर समाधान मानू नका.

## टप्पा ७: इन्स्टॉलेशन

अमिगाचं उदाहरण घेतो; बाकी मशीनवर नावं बदलतील, क्रम तोच.

१. रिकामं कार्ड पीसीला लावा. विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारेल. नाही म्हणा, प्रत्येक वेळी.

२. विनयूएई अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि कार्ड हार्डडिस्क म्हणून जोडा. कोणत्या डिस्कवर टिचकी मारताय ते दोनदा बघा. यादीत तुमच्या लॅपटॉपची डिस्कही असते.

३. एचडीटूलबॉक्समध्ये दोन पार्टिशन करा: सिस्टीमला ५०० एमबी, बाकी कामाला. सिस्टीम बिघडली तर तेवढीच पुसता येते.

४. पार्टिशन साठवून इम्युलेटर रीसेट करा, मगच फॉरमॅट. रीसेट विसरल्यामुळे ‘डिस्क दिसत नाही’ म्हणणारे बरेच.

५. मूळ वर्कबेंच, काहीही न जोडता, इन्स्टॉल करा.

६. कार्ड काढून खऱ्या मशीनवर चालू करा. पाच वेळा थंड सुरुवात: बंद, अर्धा मिनिट थांबा, चालू.

७. आता टप्पा ३ चं वाक्य खऱ्या मशीनवर करून बघा.

८. जमलं की कार्डाची पूर्ण प्रतिमा पीसीवर काढा. फाइलीला तारीख आणि ‘फक्त मूळ’ असं नाव द्या.

सावधान: सहावी पायरी पार न करता पुढे गेलात तर नंतर येणारा प्रत्येक दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा, हे ओळखता येणार नाही.

पीसीच्या साध्या ड्राइव्हमध्ये अमिगाच्या फ्लॉपी वाचता येत नाहीत. जुन्या डिस्कवरचं काही वाचवायचं असेल तर ग्रीझवीझल हे छोटं बोर्ड वापरा, आणि हे काम इन्स्टॉलेशनच्या आधी उरका. बुरशीचे पांढरे ठिपके असलेली डिस्क थेट ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि पुढची चांगली डिस्कही ओरखडली जाते. आधी पत्र्याचं झाकण सरकवून बघा.

## टप्पा ८: आता डेस्कटॉप

सुरुवात रंगांपासून. ५०० किंवा ६०० वर ६४० रुंदीच्या पडद्यावर सोळा रंग लावले की चित्र रेखाटलं जात असताना चिप रॅमचा रस्ता पूर्ण ग्राफिक्सच्या ताब्यात जातो. प्रोसेसर दाराशी उभा. चार रंगांवर या आणि तेच मशीन हलकं वाटेल. १२०० वर सोळा रंग चालतात, २५६ रंगांत विंडो सरकवताना दम लागतो. पार्श्वभूमीचं चित्र म्हणजे चिप रॅममधून कापलेला तुकडा, हे लक्षात ठेवून लावा.

त्यानंतर फाइल सांभाळणारा प्रोग्राम. डिरेक्टरी ओपस ४ वर्कबेंचसोबत चालतं आणि रोजच्या कामाला पुरतं. ओपस ५ वर्कबेंचची जागाच घेऊ शकतं; फास्ट रॅम असेल तरच. तयार पॅकेज हवं असेल तर क्लासिकडब्ल्यूबीमध्ये वेगवेगळ्या मशीनसाठी आवृत्त्या आहेत, ६८००० साठी ‘६८के’ नावाची. लोक सगळ्यात मोठी उतरवतात, कारण तिचे स्क्रीनशॉट सुंदर असतात. एसटीवर टेराडेस्क मोफत आहे आणि फ्रीमिंटसोबत नीट बसतं. सिम्बओएस, पीसी/जीओएस आणि सी६४ ओएसमध्ये डेस्कटॉप सिस्टीमचाच भाग आहे. तिथे निवडायचं काही नाही, आणि मला तो त्यांचा फायदाच वाटतो.

एका वेळी एकच भर घाला. घड्याळ, डॉक, आवाज, आयकॉनचा संच असं सगळं एका बैठकीत लावलं आणि सिस्टीम बसली तर दोषी शोधायला सगळं उपसावं लागतं. प्रत्येक भर घातल्यावर मोकळी मेमरी टप्पा १ च्या कागदावर लिहीत जा. आकडा ज्या ओळीवर एकदम खाली येतो ती भर काढा.

## टप्पा ९: बिघडलं तर कुठून बघायचं

सुरू होताना अडकतं: अमिगावर दोन्ही माउस बटणं दाबून चालू करा आणि स्टार्टअप-सिक्वेन्स (सुरुवातीच्या आज्ञांची फाइल) न चालवता आत जा. ही सोय किकस्टार्ट २ पासून पुढे. आत गेलात तर दोष तुम्ही नंतर घातलेल्या भरीत आहे. इथेही अडकलं तर कार्ड काढून फ्लॉपीवरून बघा.

पंधरा-वीस मिनिटांनी अडकतं: गरम होणं किंवा पॉवर सप्लाय. अ‍ॅक्सिलरेटर लावल्यावर सुरू झालं असेल तर जुन्या सप्लायचे पाच व्होल्ट भाराखाली मोजा.

फक्त पावसाळ्यात अडकतं: सॉकेट. टप्पा २ ची साफसफाई पुन्हा. मशीन परत माळ्यावर जाणार असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नव्हे. पिशवीत ओल अडकते. पुड्या जूनच्या सुरुवातीला बदला, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड मशीनमधून काढून वेगळं ठेवा, आणि टप्पा १ चा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.